धावणारं नको, भुंकणारं हवं

जुन्नर-आंबेगावच्या मळ्यांत कुत्र्याचं पिल्लू घ्यायला गेलेला माणूस अजूनही आधी त्याची नखं मोजतो. पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी साधारण कुत्र्याला 18 नखं. मागेही पाचवं नख निघालं तर ते वीसनखी, आणि वीसनखी कुत्रं वाघालाही भीत नाही असा त्याचा लौकिक. दुसरी परीक्षा कान धरून उचलायची: केकाटलं नाही तर ते दमदार. यातलं जादा नख आनुवंशिक असतं, धाडसाशी त्याचा काही संबंध नाही. कान ओढल्यानं तर पिल्लू माणसाला भ्यायला शिकतं, एवढंच. परीक्षा चुकीच्या असल्या तरी त्यांच्यामागचा प्रश्न मात्र रास्त आहे. बिबट्याच्या मुलखात कुत्रं निवडावं कसं?

शिकारीचं कुत्रं

आपल्याकडे या प्रश्नाचं जुनं उत्तर शिकारीतून आलं. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, मृगयेबरोबर कुत्र्यांचाही स्वतंत्र ‘सारमेयविनोद’ आहे. दख्खनच्या पठारावर पुढे नावाजलं ते कारवान. लांबट डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय. हे कुत्रं वासापेक्षा नजरेवर शिकार करतं. उघड्या माळावर ससा दिसला की सुटतं आणि वेगानं त्याला गाठतं. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली. त्यांनी पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झालं. 2005 मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होतं. अलीकडे भारतीय सैन्यानंही त्याला प्रशिक्षण दिलं.

अमेरिकेत रात्री रॅकून शोधणाऱ्या कूनहाउंडची पारख अगदी वेगळी. रॅकून झाडावर चढतो, त्यामुळे तिथे वेगापेक्षा नाक आणि आवाज महत्त्वाचा. माग काढताना कुत्रं एका सुरात भुंकतं, झाडाखाली पोचलं की सूर बदलतं, आणि अंधारात दूर उभ्या मालकाला त्यावरून सगळं कळतं. वाटेत हरणामागे भरकटणारं कुत्रं कितीही चपळ असलं तरी तिथे बाद ठरतं.

आपल्याकडे मात्र शिकारीचं कुत्रं निवडायचा प्रश्न कायद्यानं कधीच निकालात काढला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. वन्यप्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकून काढणं, हेही त्याच व्याख्येत बसतं. सशामागे किंवा उदमांजरामागे हौसेनं कुत्रं सोडलं, तरी तो गुन्हाच. त्यामुळे जुन्नर-आंबेगावात कुत्र्याला उरलेलं काम राखणीचं.

उसातला बिबट्या

हे कामही सोपं राहिलेलं नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी इथली शिवारं बागायती केली. कालव्यांमागून ऊस आला. आडसाली ऊस जवळपास दीड वर्ष शेतात उभा राहतो, आणि तेवढा काळ बिबट्याला आडोसा आणि पाणी एकाच जागी मिळतं. माद्या उसातच पिल्लं घालतात. तोडणी सुरू झाली की ती पिल्लं तोडणी कामगारांच्या समोर येतात.

राहिलं खाणं. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेतून त्याचा आहार अभ्यासला. त्याच्या खाण्यातला वजनाच्या हिशेबानं 87 टक्के वाटा पाळीव आणि गावात वावरणाऱ्या प्राण्यांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. शेळ्या संख्येनं कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा 11 टक्क्यांच्या आसपासच. कारण उघड आहे. शेळी रात्री गोठ्यात जाते, कुत्रं बाहेर राहतं. बिबट्याला घाबरवायला म्हणून ठेवलेलं जनावरच त्याला वस्तीपर्यंत आणतं.

बिबटे पकडून दूर नेऊन सोडा, हा उपाय जुन्नर वनविभागात करून झाला आहे. 2001 ते 2003 या काळात पकडलेले 29 बिबटे आसपासच्या जंगलांत सोडले गेले. त्यानंतर माणसांवरच्या हल्ल्यांची सरासरी वर्षाला चारवरून सतरावर गेली. पुढे माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र उभं राहिलं, पण तिथे किती बिबटे मावणार? उसातला बिबट्या इथेच राहणार, हे धरूनच कुत्र्याचा विचार करायला हवा.

पारख

नर बिबट्या 50 ते 70 किलोंचा, कारवान त्याच्या निम्म्याहून कमी. बिबट्या दबा धरून येतो आणि थेट गळा धरतो. अशा झुंजीत एकट्या कुत्र्याचा निभाव लागत नाही. म्हणून शिकाऱ्याला ज्या गुणाचं कौतुक, तो पाठलाग इथे दोष ठरतो. उसात शिरणारं कुत्रं परत येईलच असं नाही. बांधावर थांबून, मागे सरून, पण न थकता भुंकणारं कुत्रं कामाचं.

ते ओळखायचं तर पिल्लाआधी त्याची आई पाहावी. अनोळखी माणूस आल्यावर ती भुंकते की अंगावर जाते, रात्री वस्तीजवळ राहते की भटकते, कोंबड्या-करडांमध्ये कशी वागते, हे चार दिवसांत कळतं. मग पिल्लं. टाळी वाजवल्यावर दचकून लगेच सावरणारं आणि आवाजाच्या दिशेनं कान टवकारणारं घ्यावं. कोपऱ्यात दडून बसणारं नको, आणि सगळ्यांवर दात काढणारंही नको.

खरी घडण मात्र वयाच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात होते. या काळात पिल्लू ज्यांच्या सोबत वाढतं, त्यांना आपलं मानतं. अमेरिकेत रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्यानं राखणीच्या कुत्र्यांवर केलेल्या कामाचा पाया हाच. धनगरांच्या वाड्यावर वेगळं शिकवायची गरजच पडत नाही. पिल्लू मेंढरांत जन्मतं, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, वाघरीच्या, कडेला झोपतं आणि कळप सोडून जात नाही. बागायती मळ्यात मात्र तेच पिल्लू दारात साखळीला बांधून वाढवतात आणि मग ते जनावरांवरच धावून जातं म्हणून तक्रार करतात.

निवडीनंतर

कुत्रं कितीही चांगलं निवडा, ते उघड्यावर साखळीला बांधलं की बिबट्याला आयतं मिळतं. त्याला पळता येत नाही, लढताही येत नाही. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात. त्यानं पहिला चावा चुकू शकतो. 2025 च्या नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला, काही गावकऱ्यांनी असे खिळ्यांचे पट्टे स्वतःच्याच गळ्यात घातले, इतकी बिबट्याच्या हल्ल्यांची दहशत होती. पण पट्टा म्हणजे दरवाजा नव्हे.

दरवाजा बांधावाच लागतो. रात्री कुत्रं गोठ्यात किंवा जाळीच्या खोपटात असावं आणि खोपटाला वरूनही जाळी हवी, कारण बिबट्या सहज चढतो. आतून भुंकलेलं घरात ऐकू येतं, म्हणजे इशारा मिळतो आणि जीवही वाचतो. एकापेक्षा दोन कुत्री बरी. पिल्लाला वेळेवर रेबीज आणि डिस्टेंपरची लस द्यावी. नको असलेली पिल्लं रस्त्यावर सोडण्यापेक्षा नसबंदी करून घ्यावी, आणि कोंबड्यांची घाण उकिरड्यावर उघडी टाकू नये. भटकी कुत्री कमी झाली की बिबट्याला वस्तीकडे यायचं एक कारण कमी होतं.

तेव्हा पिल्लू बघायला जाण्याआधी आपला गोठा बघावा. त्याचं दार रात्री लागत नसेल तर आधी सुतार बोलवावा. वीस नखांचा हिशेब नंतर.