मूल हवे आहे? आधी जिवाला जपा

लग्नाला सहा-आठ महिने झाले की आपल्याकडे प्रश्न सुरू होतो, "काही विशेष?" औराद असो, भालकी असो की आळंद, विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण दर महिन्याला पाळी आली की तोच प्रश्न त्या सुनेच्या जिवाला पुन्हा टोचतो. ती कुणाशी बोलत नाही. उपास वाढवते, कुणी सांगितलेला काढा पिते आणि आपल्यातच दोष आहे असे मनाशी ठरवून टाकते. अशा घरांसाठी आम्ही आज चार गोष्टी लिहीत आहोत.

महिना गेला म्हणजे दोष नव्हे

सर्व काही ठीक असलेल्या तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस जाण्याचा संभव चारात किंवा पाचात एक इतकाच असतो. अशा १०० जोडप्यांपैकी ८० हून अधिक जोडप्यांना वर्षभरात दिवस जातात. म्हणजे चार-सहा महिने वाट पाहावी लागणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

कलबुर्गी हे तुरीचे कोठार. तूर फुलोऱ्यात येते तेव्हा बहुतेक फुले गळून पडतात, थोड्यांच्याच शेंगा होतात. म्हणून कोणी तुरीला वांझ म्हणत नाही. माणसाच्या शरीरातही स्त्रीबीज व पुरुषबीज एकत्र आल्यावर पुष्कळदा गर्भ रुजत नाही आणि पाळी वेळेवर आल्याने ते कळतही नाही. यात कोणाचा गुन्हा नसतो.

"काळजी सोड, म्हणजे होईल," असेही सांगतात. पण काळजीमुळेच दिवस जात नाहीत असे वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले नाही. म्हणून रडू आले तर रडावे. रडल्याने काही बिघडले असे मानू नये.

दिवस कसे ओळखावेत

महिन्यात गर्भ राहू शकेल असे दिवस सुमारे सहाच असतात. स्त्रीबीज सुटल्यावर १२ ते २४ तास टिकते. पुरुषबीज मात्र स्त्रीच्या शरीरात तीन ते पाच दिवस जगू शकते. म्हणून बीज सुटण्याचा दिवस व त्याआधीचे पाच दिवस महत्त्वाचे. बीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटते. २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीचा तो चौदावा दिवस, ३२ दिवसांनी येणारीचा अठरावा.

ज्यांची पाळी मागेपुढे होते त्यांनी शरीराची खूण पाहावी. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी १९५३ साली या खुणांचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यांच्या पत्नी डॉ. एव्हलिन यांनीही त्यात भाग घेतला. मुलांत अंतर ठेवण्यासाठी ही पद्धत चर्चमार्फत शिकवली जाते. पण मूल हवे असणाऱ्यांनाही ती तितकीच उपयोगी आहे. पाळीनंतर काही दिवस कोरडे जातात, मग ओलसर वाटते आणि पुढे कच्च्या अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा निसरडा, ताणला जाणारा स्राव दिसतो. तेच दिवस योग्य. त्या दिवसांत एक दिवसाआड सहवास पुरे. नंतर पाय वर करून पडून राहण्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी खुरपायला गेल्यानेही काही बिघडत नाही. तारखा वहीत लिहाव्यात, पण वहीचाच जाच होऊ लागला तर एखादा महिना ती मिटून ठेवावी.

निम्मा भार नवऱ्याचा

स्त्री ही जमीन आणि पुरुष हे बी, असे जुने लोक म्हणत. ते खरे नाही. अर्धे बी तिचेच असते. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचेही कारण असते. महात्मा जोतीराव फुले यांना मूल नव्हते. दुसरे लग्न करण्याचा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी तो साफ नाकारला. दोष पुरुषात असेल तर बायकोने दुसरा नवरा केलेला चालेल का, असा त्यांचा सवाल होता, असे चरित्रकार सांगतात. पुढे त्यांनी व सावित्रीबाईंनी यशवंताला दत्तक घेतले.

नवऱ्याने तंबाखू, बिडी, गुटखा व दारू सोडावी. फवारणीचीही काळजी घ्यावी. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमींवरचे औषध बनवणाऱ्या अनेक कामगारांच्या वीर्यात बीज फार कमी किंवा मुळीच नसल्याचे आढळले. प्रत्येक औषध असे करते असे नाही. तरी हातमोजे व तोंडाला फडके हवे, वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये, घरी येताच अंघोळ करावी. मूल हवे असलेल्या स्त्रीने औषध कालवू नये, फवाऱ्याचे कपडे धुऊ नयेत. पुरुषबीज तयार व्हायला सुमारे ७० दिवस लागतात, म्हणजे मुगाच्या एका पिकाइतके. म्हणून आज सोडलेल्या व्यसनाचा गुण तीन महिन्यांनी दिसेल, धीर धरावा.

स्वतःला जपणे म्हणजे काय

पोटभर जेवावे. फार उपासाने वजन घटले तर बीज सुटणेच थांबू शकते. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी, शेंगदाणे ही आपल्या घरचीच औषधे. जोडीला ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्याआधीपासून रोज घ्यावी. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारावे. वैदूची अनोळखी पुडी घेऊ नये.

पाळी आली त्या दिवशी स्वतःला बोल लावू नये. त्या दिवशी नवऱ्याने पाण्याची घागर उचलावी आणि आईच्या प्रश्नाला उत्तरही त्यानेच द्यावे. एखाद्या बाप्तिस्म्याला वा पाळण्याला जाणे जिवावर येत असेल तर न जाण्यात पाप नाही. बायबलमधील हन्नाही रडली, जेवली नाही. तिचे दुःख देवाने ऐकले, तिला दोष दिला नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

वर्षभर वाट पाहूनही दिवस गेले नाहीत तर दोघांनी मिळून जावे. बाईचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. पाळी फारच अनियमित असेल, पूर्वी क्षयरोग झाला असेल, किंवा नवऱ्याला वयात आल्यावर गालगुंड होऊन अंड सुजले असेल, तर थांबूच नये. बीदर व कलबुर्गी येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. पहिली तपासणी बहुधा नवऱ्याच्या वीर्याची व बायकोच्या रक्ताची असते. वीर्यतपासणी सोपी व कमी खर्चाची आहे. तिला कमीपणा मानून बायकोला एकटीला दवाखान्यात धाडणे हा अन्याय होय.

सासूबाईंना व शेजारणींना आमची एकच विनंती. पुढच्या वेळी "काही विशेष?" असे विचारण्याऐवजी "बाई, जेवलीस का?" एवढेच विचारा.