परवान्याच्या अटींची भाषा : ‘परमिट रूम’च्या निमित्ताने

१

शासनाने घातलेली अट ही प्रथमतः एक वाक्य असते. ते वाक्य कोणाला उद्देशून आहे, त्यातील क्रिया कोणी करावयाची, केव्हा करावयाची आणि ती झाली की नाही हे कसे ओळखावयाचे, या प्रश्नांची उत्तरे वाक्यातच नसतील, तर दंडाची रक्कम कितीही मोठी ठेवली तरी अट दुबळीच राहते. प्रस्तुत लेखात या विधानाची परीक्षा रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या मद्यगृहांच्या परवान्यांच्या आधारे करावयाची आहे.

उदाहरणासाठी राहुरी डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे आहे. नगर–मनमाड मार्गावरील हे तालुक्याचे ठिकाण. भोवती उसाचा मुलूख व साखर कारखाना, जवळच १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ, आणि मधून शिर्डीच्या दिशेने जाणारी रात्रंदिवसाची वाहतूक. अशा गावी रात्रीचे मद्यगृह म्हटले की तीन पक्ष उभे राहतात : ते चालविणारा, तेथे बसणारा, आणि शेजारच्या घरात झोपू पाहणारा. परवाना पहिल्याला मिळतो, सेवा दुसऱ्याला मिळते. तिसऱ्याची सही कोठेच नसते. अटींचा खरा उपयोग त्या तिसऱ्यासाठी आहे, म्हणूनच त्यांची भाषा त्यालाही कळावयास हवी.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. व्यवहारात ‘परवाना’ हा फारसीतून आलेला एकच शब्द सर्वत्र चालतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या मराठीत मात्र दोन शब्द वेगळे पाडले आहेत : मद्य विकणाऱ्यास मिळते ती ‘अनुज्ञप्ती’ आणि मद्य पिणाऱ्याने बाळगावयाचा तो ‘परवाना’. हा भेद केवळ पांडित्याचा नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, जो आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो, मुळात निषेधाचा कायदा आहे. त्यात मद्यपान हा नियम नसून अपवाद आहे, आणि अपवाद म्हटला की तो विकणाऱ्यापुरता व पिणाऱ्यापुरता वेगवेगळा सिद्ध करावा लागतो. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात या अधिनियमाची काही कलमे रद्द ठरविली, तरी निषेधाचा मूळ सांगाडा कायम राहिला.

‘परमिट रूम’ हा शब्द त्या सांगाड्यातूनच जन्मला. ज्याच्यापाशी परमिट आहे त्याने ज्या खोलीत बसून प्यावे ती परमिट रूम. येथे परमिट माणसाचे आहे, खोलीचे नव्हे. परंतु आज राहुरीच्या रस्त्यावर एखाद्यास या शब्दाचा अर्थ विचारला, तर ‘दारू पिण्याची परवानगी असलेली जागा’ असेच उत्तर येईल. माणसाचे विशेषण खोलीला चिकटले. अर्थसंक्रमणाचे हे स्वच्छ उदाहरण आहे. पण त्याचा परिणाम कोशापुरता मर्यादित राहत नाही. जागेला परवानगी आहे एवढे पाहून ग्राहक निश्चिंत होतो आणि आपल्यावरही काही बंधन आहे हे विसरतो. विदेशी मद्यासाठी २५ व बिअर-वाइनसारख्या सौम्य मद्यासाठी २१ ही वयाची मर्यादा ग्राहकाच्या संबंधातील अट होय. लोकांच्या बोलण्यात मात्र ती ‘हॉटेलवाल्याची भानगड’ ठरते.

‘विदेशी मद्य’ या संज्ञेचीही गोष्ट अशीच आहे. नगर जिल्ह्यातील उसाच्या मळीपासून मद्यार्क काढावा, त्यापासून व्हिस्की वा रम तयार व्हावी, आणि तिला ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ म्हणावे, यात शब्दांचा उघड विरोध दिसतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने येथे ‘विदेशी’ हा देशवाचक शब्द राहिलेला नसून तो ‘देशी दारू’हून वेगळ्या वर्गाचे नाव झाला आहे. संज्ञा एकदा अशी ठरवून दिली की तिचा कोशगत अर्थ बाजूला सरतो. अडचण येते ती न ठरविलेल्या संज्ञांची.

३

अशा न ठरविलेल्या शब्दांचे काय होते, हे १७ जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयात पाहावयास मिळते. मद्यगृहांतील नृत्याचे नियमन करण्यासाठी महाराष्ट्राने २०१६ साली अधिनियम केला होता. परवाना मागणारी व्यक्ती चांगल्या चारित्र्याची असावी, ही त्याखालील एक अट. न्यायालयाने ती संदिग्ध म्हणून रद्द ठरविली. ‘चांगले’ हे विशेषण वक्त्याची पसंती सांगते, वस्तूचे माप सांगत नाही. ज्याच्या हाती परवाना देण्याचा अधिकार, त्याच्या मनाप्रमाणे अशा विशेषणाचा अर्थ लांबतो वा आखडतो. उलट सायंकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळेची अट त्याच निर्णयात टिकली.

यावरून मोजता येणारी प्रत्येक अट चांगली, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. धार्मिक व शैक्षणिक संस्थांपासून एक किलोमीटर अंतर असावे ही अटही त्याच अधिनियमाखाली होती. ती पूर्णपणे मोजता येण्याजोगी होती. परंतु मुंबईसारख्या शहरात तिला उतरेल अशी जागा मिळणेच दुरापास्त, म्हणून तीही गेली. तेव्हा अट मोजता येणारी हवी, तशीच पाळता येणारीही हवी.

अंतर या शब्दाविषयी आणखी थोडे सांगावयास हवे. विदेशी मद्याच्या नियमांत शैक्षणिक व धार्मिक संस्थांपासून सर्वसाधारणतः ७५ मीटरांचे अंतर सांगितले आहे. पण अंतर म्हणजे कावळ्याच्या उड्डाणाचे की माणसाच्या चालण्याचे? मद्यगृहाच्या प्रवेशद्वाराच्या मध्यापासून, पादचारी सामान्यतः ज्या जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने, संस्थेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत, असा खुलासा नियमकर्त्यांना करावा लागला. एका साध्या नामाला अर्थाची चौकट देण्यासाठी एक संपूर्ण वाक्य खर्ची पडले, आणि ते योग्यच झाले.

महामार्गाच्या बाबतीत हाच खटाटोप न्यायालयाला करावा लागला. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्री नको असे ठरविले. ३१ मार्च २०१७ रोजी २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांपुरते हे अंतर २२० मीटर केले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये नगरपालिका हद्दीतील परवानाधारक आस्थापनांना हा आदेश लागू नाही असा खुलासा केला. आणि २०१८ साली ग्रामपंचायत हद्दीतील विकसित भागांचा निर्णय राज्यांवर सोपविला. राहुरी नगरपरिषद आहे; तिच्या वेशीपलीकडची गावे ग्रामपंचायतींची आहेत. महामार्ग एकच, वाहनचालक तोच, त्याने घेतलेल्या मद्याचा गुणही तोच. परंतु हद्दीचा दगड ओलांडला की नियमाचा अर्थ बदलतो. अपघात टाळणे हा हेतू मूळ आदेशात अगदी स्पष्ट होता. तो शब्दांत उतरता उतरता भूगोलाच्या रेषांत गुंतला.

४

आता ‘शांतता’. मराठीत या एका शब्दात दोन अर्थ नांदतात : आवाजाचा अभाव आणि कलहाचा अभाव. ‘शांतता क्षेत्र’ म्हणताना पहिला अर्थ असतो, ‘शांतताभंग’ म्हणताना दुसरा. ‘मद्यगृहात शांतता राखावी’ असे म्हटल्यास मालक प्रामाणिकपणे सांगू शकतो की आमच्याकडे मारामारी कधी झालीच नाही. आणि शेजारी तितक्याच प्रामाणिकपणे सांगू शकतो की रात्रभर झोप नाही. दोघेही एकाच वाक्याचा आधार घेतात व दोघेही खोटे बोलत नाहीत.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी पहिल्या अर्थाला आकडे दिले. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेत निवासी क्षेत्रात ४५, व्यापारी क्षेत्रात ५५ व शांतता क्षेत्रात ४० डेसिबल ही मर्यादा. खाजगी जागेतील ध्वनी तिच्या सीमेवर क्षेत्राच्या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा अधिक वर जाता कामा नये. डेसिबल हे माप साध्या बेरजेचे नाही, हे येथे ध्यानात ठेवावे. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेत दसपट वाढ. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचे किमान १०० मीटरांचे क्षेत्र शांतता क्षेत्र होऊ शकते. परंतु ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने तसे अधिसूचित केल्यावाचून ते तसे ठरत नाही. म्हणजे विद्यापीठाचे अस्तित्व पुरेसे नाही, घोषणा हवी. उच्चारानेच वस्तुस्थिती निर्माण करणाऱ्या वाक्यांचा हा एक नमुना होय.

परंतु आकडा आला म्हणून झोप येतेच असे नाही. याची दोन कारणे ध्वनिविज्ञानात सापडतात. पहिले असे की प्रचलित मापनपद्धती खालच्या पट्टीच्या ध्वनींना कमी वजन देते; भिंतीतून पलीकडे जाणारा ढोलाचा ठोका नेमका त्याच पट्टीतला असतो. दुसरे कारण बोलण्याशी निगडित आहे. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो, हे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी १९११ साली दाखवून दिले. संगीत मोठे, म्हणून बोलणे मोठे; बोलणे मोठे, म्हणून संगीत आणखी मोठे. गोंगाटाला सरावलेले कान व मद्याने सैलावलेली जीभ घेऊन मंडळी रस्त्यावर येतात आणि त्याच आवाजात निरोप घेतात. शेजाऱ्याची झोप मोडते ती पुष्कळदा या निरोपाने, मोटारसायकलीच्या सुरू होण्याने. नियमातील यंत्र आतल्या ध्वनिक्षेपकाकडे पाहत असते, त्रास मात्र दाराबाहेर होतो.

५

सुरक्षिततेच्या अटींत भाषेची किंमत अधिक उग्रपणे मोजावी लागते. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईतील कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथील रात्रक्लबात आग लागून २५ जण दगावले; त्यांत बहुसंख्य तेथील कर्मचारीच होते. अटी मालकाला उद्देशून लिहिल्या जातात, धोका मात्र स्वयंपाकघरातील माणसाच्या वाट्याला येतो. त्याने ती अट कधी वाचलेली नसते.

‘अग्निसुरक्षेची योग्य ती दक्षता घेण्यात यावी’ या धर्तीचे वाक्य शासकीय मराठीत सर्वत्र आढळते. त्याचे पृथक्करण केले तर तीन दोष दिसतात. ‘घेण्यात यावी’ या रचनेत कर्ता लुप्त आहे. दक्षता कोणी घ्यावयाची ते वाक्य सांगत नाही. ‘योग्य ती’ हे विशेषण ‘चांगल्या चारित्र्या’चेच भावंड. आणि विध्यर्थी ‘-वी’ हे रूप मराठीत आज्ञा व विनंती या दोहोंसाठी वापरले जाते : लग्नपत्रिकेतील ‘यावे’ आणि नोटिशीतील ‘भरावे’ यांचे व्याकरण एकच. याउलट महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याखाली इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने, परवानाधारक यंत्रणेकडून, दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. कर्ता, क्रिया, काळ व पुरावा ही चारही अंगे येथे जागेवर आहेत. अशी अट मोडली गेली तर ती मोडली हे तरी कळते.

इंग्लंडच्या २००३ च्या परवाना कायद्यात गुन्हे व बेबंदशाही रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे व मुलांचे रक्षण अशी चार उद्दिष्टे सांगितली आहेत आणि परवान्यावरील अटी नेमक्या व अंमलात आणता येण्याजोग्या असाव्यात असे त्यासंबंधीचे मार्गदर्शन सांगते. उद्दिष्टे व्यापक, अटी काटेकोर, ही त्यातील विभागणी अनुकरणीय आहे. आपल्याकडे बहुधा उद्दिष्टच अटीच्या जागी बसविले जाते.

६

महाराष्ट्राने मात्र एका बाबतीत भाषेचा असा वापर केला आहे की त्याला तोड नाही. गावातील वा प्रभागातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांचे मतदान घेण्याची तरतूद शासनाने केली. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे : उभी बाटली म्हणजे चालू ठेवा, आडवी बाटली म्हणजे बंद करा. विशेषण नाही, विध्यर्थ नाही, लुप्त कर्ता नाही. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीलाही संदेह पडू नये असे हे वाक्य आहे, आणि ज्या तिसऱ्या पक्षाची सही परवान्यावर नसते त्याच्याच हाती ते दिलेले आहे.

परंतु हे वाक्य अखेरचे आहे. त्यात ‘चालू राहो, पण नीट चालो’ असे म्हणावयास जागा नाही. ते मधले वाक्य अटींनी बोलावयाचे असते. नमुन्यादाखल ‘शांतता राखण्यात यावी’ याऐवजी असे लिहिता येईल : रात्री १० नंतर रस्त्याकडील दारे व खिडक्या बंद ठेवण्यास त्या वेळी हजर असलेला व्यवस्थापक जबाबदार राहील, बंद होण्यापूर्वी अर्धा तास संगीत थांबविले जाईल, त्या अर्ध्या तासात व नंतर ग्राहक पांगेपर्यंत एक कर्मचारी दाराबाहेर उभा राहील, तक्रारीसाठी व्यवस्थापकाचा दूरध्वनी क्रमांक बाहेरून वाचता येईल असा लावलेला असेल, आलेली प्रत्येक तक्रार वेळेसह वहीत नोंदली जाईल, आणि हा मजकूर स्वयंपाकघरातही मराठीत लावलेला असेल. यांपैकी संगीत अर्धा तास आधी थांबविण्याची अट लोंबारच्या निरीक्षणावर आधारलेली आहे : आतले आवाज उतरले, तरच बाहेरचे उतरतात.

या वाक्यांत कोणताही कठीण शब्द नाही. त्यांचे पालन झाले की नाही हे निरीक्षकाला वहीवरून, ग्राहकाला दारातील माणसावरून आणि शेजाऱ्याला आपल्या खिडकीतून पडताळता येते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ ने राज्याचा कारभार मराठीत आणला. पारिभाषिक शब्दांचे काम त्यानंतर पुष्कळ झाले. संज्ञेच्या जागी संज्ञा बसविली, पण वाक्याच्या जागी वाक्य बसविण्याचे काम अद्याप अपुरे आहे. भाषेच्या अभ्यासकाचे तेथे काम आहे, आणि त्याचे फळ एखाद्या घरात रात्री लागणाऱ्या झोपेवरून जोखता येईल.