भाड्याच्या घरातील ओल आणि औषधसाठा

बार्शीचा पाऊस मूळचा बेताचा, आणि येतो तोही बराचसा परतीचा. ऑक्टोबर २०२० व सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यात झालेल्या अतिवृष्टीने जुन्या माळवदांची आणि नव्या स्लॅबचीही परीक्षा पाहिली. आपल्यापैकी अनेकांचे बिऱ्हाड, चिकित्सालय व औषधसाठा एकाच भाड्याच्या घरात असतो. तेथे भिंतीवरील काळा डाग हा केवळ रंगरंगोटीचा प्रश्न राहत नाही.

ओल दिसताच गुग्गुळ, वचा, निंब यांचे धूपन करण्याचा आपला प्रघात आहे. धूपन शास्त्रसंमत खरे. परंतु गिलाव्यात मुरलेले पाणी धुराने निघत नाही, आणि श्वासाच्या रुग्णास कोंदट खोलीतील धूर बाधतोच. येथेही निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा. पावसानंतर छताकडून पसरणारा पिवळसर डाग गळतीचा. जोत्यापासून कमरेपर्यंत चढलेला पांढरा क्षार जमिनीतील ओलीचा. मोरीलगतची बारमाही ओल बहुधा नळाची. मातीच्या भिंतीस आतून सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट देणे हा घरमालकांचा आवडता उपाय! त्याने डाग झाकला जातो, ओल मात्र आत कोंडते.

बुरशी कोरडी खरवडू नये, तिचे कण हवेत उडतात. नाकातोंडास मास्क लावून ती साबणाच्या पाण्याने पुसावी, भुसभुशीत गिलावा काढावा, भिंत पूर्ण वाळू द्यावी. मग रंग, आणि धूपन हवेच असेल तर शेवटी.

चरकाचार्यांनी कल्पस्थानात भेषजागार पाणी, बाष्प, धूर, धूळ व उंदीर यांपासून सुरक्षित असावे असे सांगितले आहे. पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. बुरशी धरलेली द्रव्ये उन्हात वाळवून पुन्हा कुटणे सर्वथा त्याज्य, कारण काही बुरशींपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष उन्हाने वा भाजण्याने खात्रीने नष्ट होत नाही. माल महाग असला तरी तो फेकावाच.

खर्च कोणाचा? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ अन्वये, करारात वेगळे ठरले नसल्यास, जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. नोटीस बजावल्यापासून १५ दिवसांत त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू नये. तोंडी तक्रारीवर विसंबू नये. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती, डागांची छायाचित्रे व गवंड्याची बिले जपून ठेवावीत, आणि करारातील दुरुस्तीचे कलम नोटिशीपूर्वीच वाचावे.