एअरब्रशसाठी कोणता रंग निवडावा?

कोथरूडचे जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. छोट्या रेल्वेसाठी जगभर १:८७ हे प्रमाण खूप वापरतात. म्हणजे २१ मीटरचा डबा साधारण २४ सेंटिमीटरचा! त्यावर ब्रशने जाड रंग दिला की बारीक नक्षी बुजते. म्हणून एअरब्रशने पातळ थर देतात. पण रंग कोणता घ्यायचा?

१) ॲक्रिलिक : पाण्यात मिसळतो, वास कमी, लवकर सुकतो. मुलांसाठी हाच बरा. फक्त नोझलमध्ये सुकून अडकतो, म्हणून काम झाले की लगेच धुवा.

२) इनॅमल : टर्पेंटाइनने पातळ करतात. थर गुळगुळीत, टिकाऊ. पण नीट सुकायला एक दिवस तरी द्या.

३) लॅकर : थिनरने पातळ करतात. मिनिटांत सुकतो, प्लॅस्टिकला घट्ट धरतो. पावसाळी दमट हवेत मात्र थर पांढुरका पडू शकतो. याची वाफ घातक आहे. हे काम मोठ्यांनीच मास्क लावून, मोकळ्या हवेत करावे.

आमच्या वर्गात एकदा थर्माकोलच्या शनिवारवाड्यावर स्प्रेचा डबा मारला आणि दिल्ली दरवाजाच विरघळला! पोरं रडकुंडीला आली. रंग वाईट नव्हता, थर्माकोल त्यातल्या थिनरमध्ये विरघळतो एवढंच. तिथे ॲक्रिलिकच हवा होता.

तेव्हा लक्षात ठेवा : मॉडेल कशाचे आहे ते आधी बघा, मग रंग ठरवा. रंग दुधाइतका पातळ करा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर मारून पाहा.