आधी कामांची यादी, मग लॅपटॉप

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चे नियमित मोफत सुरक्षा अपडेट थांबवले आणि गावोगावची सेवा केंद्रं, दुकानं आणि घरांतल्या कितीतरी जुन्या लॅपटॉपांचा प्रश्न उभा राहिला. घाटंजीतल्या माझ्या चुलतभावाचा लॅपटॉप त्यांतलाच. दिवसा त्यावर वहिनींचं सेवा केंद्र, संध्याकाळी भावाच्या कृषी केंद्राचा टॅलीतला हिशोब आणि रात्री बारावीतल्या पुतणीचा अभ्यास. प्रोसेसर इतका जुना, की विंडोज 11 त्यावर अधिकृतपणे चढत नाही. नवा घेणं भाग होतं. पण कोणता?

खरेदीला जाण्याआधी मी वहिनींच्या टेबलाशेजारी बसून काम पाहिलं. शेतकरी आधार कार्ड, पासबुक आणि सातबारा घेऊन येतात. बारा आकडी आधार क्रमांक, दहा आकडी मोबाईल नंबर, बँकेचं खातं हे सगळं वहिनी कीबोर्डाकडे न पाहता उजव्या बाजूच्या आकड्यांच्या पट्टीवर टाकतात. मग अंगठा. निंदणी-वेचणीनं झिजलेली बोटं स्कॅनरवर चटकन उमटत नाहीत, दोन-तीनदा ठेवावी लागतात आणि तोवर पोर्टलचं पान जिवंत राहावं लागतं. त्याच वेळी स्कॅन केलेली कागदपत्रं लहान करून चढवायची, पावती छापायची. जुलैअखेरच्या पीकविम्याच्या गर्दीत हे सगळं एकदम चालतं. टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तर 4 जीबी रॅम काठोकाठ भरलेली आणि हार्ड डिस्क 100 टक्के गुंतलेली. मशीन का अडतं, ते तिथेच कळलं.

त्या निरीक्षणातून यादी तयार झाली. आकड्यांच्या पट्टीसाठी पडदा 15.6 इंचाचा, कारण 14 इंची लॅपटॉपांत ती बहुधा नसते. बोटांचा स्कॅनर, प्रिंटर, माऊस आणि डिजिटल सहीचं टोकन यांच्यासाठी यूएसबीच्या चार जागा. फायबर इंटरनेटची वायर थेट लावायला लॅन पोर्ट. हार्ड डिस्कऐवजी 512 जीबीचा एसएसडी. रॅम निदान 8 जीबी आणि पुढे वाढवता येईल अशी. पुतणीच्या ऑनलाइन वर्गांना यापेक्षा वेगळं काही लागत नव्हतं.

यवतमाळच्या दुकानात वहिनी स्कॅनर आणि टोकन पिशवीत घेऊनच गेल्या. विक्रेत्यानं पहिला लॅपटॉप पुढे केला. "ताई, रायझन फाइव्ह आहे, पाच वर्षं पाहाचं काम नाही."

"रॅम वाढवता येते काय?"

"याच्यात नाही होत, बोर्डावरच बसवेल आहे."

उत्तर प्रामाणिक होतं आणि निवडीची खरी मेख त्यातच होती. 'रायझन 5' हा शिक्का दोन अगदी वेगळ्या चिप्सवर असतो. 7520यू आणि 7530यू हे आकडे जवळजवळ सारखे दिसतात, पण या मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. 7520 मधला 2 म्हणजे झेन 2, जी 2019 साली बाजारात आली. 7530 मधला 3 म्हणजे झेन 3, त्यानंतरची पिढी. शिवाय 7520 सोबतची रॅम बोर्डावर कायमची जडवलेली असते. इंटेलचंही तसंच, नुसतं 'आय फाइव्ह' ऐकून भागत नाही, पिढी आणि पूर्ण क्रमांक विचारावा लागतो. खोक्यावरचा मोठा आकडा नव्हे, स्टिकरवरची बारीक अक्षरं वाचायची.

यवतमाळच्या हवामानाचा विचार तर करायलाच हवा. बहुतेक कंपन्या लॅपटॉपसाठी 35 अंश सेल्सियसपर्यंतचं तापमान योग्य मानतात. इथला मे महिना त्याच्या कितीतरी वर जातो. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणून फार पातळ, पंखा नसलेलं मॉडेल इथे कामाचं नाही. त्यात धूळ आणि कापसाच्या हंगामात हवेत उडणारे रुईचे तंतू. पंख्याच्या जाळीत ते साचतात, म्हणून खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं का, हेही पाहिलं. रस्त्याकडे तोंड असलेल्या दुकानात चकचकीत पडद्यावर बाहेरचं ऊनच दिसतं. तिथे चमक नसलेला मॅट पडदा हवा. वीज गेल्यावर किती वेळ निघेल, याचा हिशोब बॅटरीच्या वॉट-अवरवरून होतो. 42 वॉट-अवरची बॅटरी आणि साधारण 11 वॉटचा वापर, म्हणजे पावणेचार-चार तास.

शेवटी 7530यू प्रोसेसरचा, रॅमचा एक स्लॉट रिकामा असलेला लॅपटॉप ठरला. त्यात तिथेच आणखी 8 जीबी टाकून घेतली. खोकं उघडल्यावर टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही स्लॉट भरलेले दिसतात का, ते तपासलं. मग विंडोजच्या 'पॉवरसीएफजी' आज्ञेनं मिळणाऱ्या बॅटरी अहवालात बॅटरीची मूळ आणि सध्याची क्षमता जुळते का, ते पाहिलं. प्रदर्शनात महिनोन्‌महिने चाललेला नग त्यातून लगेच उघडा पडतो. सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची तारीख पाहिली. स्कॅनर आणि टोकन लावून पाहिलं. यूएसबीच्या जागा मात्र कमी पडल्या, म्हणून स्वतंत्र वीज घेणारा हब घेतला. स्कॅनर आणि प्रिंटर दोन्ही त्यावर सुरळीत चालतात.

वॉरंटीत एक प्रश्न विचारायलाच हवा: तंत्रज्ञ आपल्या दुकानात येणार, की मशीन आपण कंपनीच्या सेवा केंद्रात न्यायचं? घाटंजीहून नागपूर किंवा अमरावतीला मशीन पाठवायचं, तर हंगामातले कित्येक दिवस धंदा बंद. भावाचं दुकान जीएसटीत नोंदलेलं आहे, म्हणून बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक घालून घेतला. लॅपटॉपवरचा कर 18 टक्के आहे. धंद्याच्या वापरापुरता तो नियमानुसार वळता करता येतो, पण घरगुती वापराचा वाटा त्यातून वगळावा लागतो.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे तीन वेगळी खाती: केंद्र, हिशोब, अभ्यास. लोकांची आधार कार्डं आणि पासबुकं ज्या मशीनवर येतात, तिथे घरच्यांनीही एकाच पासवर्डानं बसू नये. दुसरं काम म्हणजे टॅलीचा बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर, दर आठवड्याला.

लॅपटॉप घ्यायचा असेल, तर सवलतीची जाहिरात नंतर वाचा. आधी एक दिवस स्वतःचं काम नीट पाहा, कागदावर उतरवा, टेबलावरची यंत्रं पिशवीत घाला आणि ती घेऊन दुकानात जा. तुमचं काम जो पेलेल, तोच लॅपटॉप तुमच्यासाठी चांगला.