पेडल नाही, पण क्लच आहे

ईदला गावी निघालो होतो. घाटात वाहनांची रांग लागली. आमची गाडी एएमटी, क्लचचे पेडल नाही. म्हणून चढावर ॲक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवली. थोड्याच वेळात जळका वास आला आणि गाडी मागे सरकू लागली. मागच्या सीटवर अम्मी आणि मुले!

पेडल नसले तरी एएमटीत क्लचप्लेट असतेच. अशा धरण्याने तीच जळते. इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, गिअर बदलताना हिसका बसतो. ही लक्षणे रमजानभर दिसत होती. ईदनंतर दाखवू, म्हणत राहिलो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत खाली लालसर तेलाचे डाग दिसले, तर तेही लगेच दाखवावे.

चढावर थांबताना आता आम्ही हँडब्रेक ओढतो.