आवाजाची पट्टी कशानं चढते?

कट्ट्यावर मैत्रिणींशी निवांत गप्पा मारणाऱ्या मुलीचा आवाज तोंडी परीक्षेत एकदम चढतो. असं का?

स्वरयंत्रातले दोन स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात, त्यावर आवाजाची पट्टी ठरते. बोलताना ती तरुणांत साधारण १०० ते १५० हर्ट्झ, तर तरुणींत १८० ते २५० हर्ट्झ असते. पण वाक्यागणिक ती हलत राहते. तंतू ताणणारा स्नायू आवळला किंवा फुप्फुसांतल्या हवेचा दाब वाढला, की कंपनं वाढतात. मनावर ताण आला की स्नायूही ताठरतात, म्हणून घाबरलेल्याचा आवाज बहुधा वर जातो.

गोंगाटात माणूस नकळत मोठ्यानं बोलतो, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये मांडलं. आवाज वाढवला की पट्टीही चढते. लोकलच्या डब्यात फोनवर बोलणाऱ्यांकडे लक्ष द्या! तान्ह्या बाळाशी बोलतानाही पट्टी वर जाते, चढउतार वाढतात. उतारा वाचताना अनेकांची पट्टी गप्पांपेक्षा किंचित वरची असते.

म्हणूनच आवाज तपासताना वाचातज्ज्ञ नुसता लांबवलेला ‘आ’ ऐकून थांबत नाहीत. वाचायला लावतात, गप्पाही मारतात.